बुद्ध प्रत्येक देशात वेगळा का दिसतो, आणि 'खरा' बौद्ध धम्म कुणाचा?

विश्रांतवाडीकर

जय भीम, नमो बुद्धाय सगळ्यांना. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो, कुणी नीट अभ्यास केलेला असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

मी खराडीला आयटीत आहे. टीममध्ये एक श्रीलंकेचा मुलगा आहे आणि क्लायंटकडून जपानी मॅनेजर येऊन जाऊन असतात. बुद्ध पौर्णिमेला मी सुट्टी टाकली तेव्हा लंचला विषय निघाला. श्रीलंकेचा म्हणाला आमच्याकडे वेसाकला रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात, लोक मांडव टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण वाटतात, आणि भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. जपानी साहेब म्हणाले आमच्या गावच्या मंदिरातले भिक्खू लग्न झालेले आहेत, पुढे त्यांचा मुलगाच मंदिर सांभाळणार, आणि त्यांच्याकडे बुद्धाचा जन्मदिवस पौर्णिमेला नाही तर ८ एप्रिलला असतो, बाळ बुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात! मी ऐकतच बसलो. तेवढ्यात आमच्यातलाच एक पुण्याचा मुलगा म्हणाला, हे खरे बौद्ध, तुमचं म्हणजे नुसतं राजकारण आहे, आणि तुम्ही तर मटण पण खाता. ते फार लागलं मनाला.

घरी आलो आणि सहज बघितलं तर आमच्याच घरात बुद्ध वेगवेगळे. देव्हारा नाही आमच्याकडे, पण हॉलमध्ये बर्मी पद्धतीची पांढरी मूर्ती आहे, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी. भावाच्या खोलीत उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचं पोस्टर. बायकोच्या मैत्रिणीनं दिलेला हसरा जाड्या शोकेसमध्ये. आणि नवीन फ्लॅटच्या गृहप्रवेशाला सोसायटीतल्या एकांनी बुद्धाचं नुसतं डोकं असलेलं कारंजं दिलंय, आई म्हणते मानेपासून तोडलेलं डोकं मला घरात नको.

तर एकच माणूस एवढ्या रूपांत का दिसतो, आणि सगळे एकाच बुद्धाला मानतात तर आचरण इतकं वेगळं कसं?

लेणीवेडा_तळेगाव

दादा, सुरुवात घराजवळूनच करा. लोणावळा लोकल पकडा, मळवलीला उतरा आणि आधी भाजे लेणी बघा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं काम आहे ते. चैत्यगृहात, म्हणजे वंदनेच्या दालनात, शिरलात की समोर फक्त स्तूप, एकदम साधा, गुळगुळीत, त्याच्यावर बुद्धाची मूर्ती नाही, कुठेच नाही. बाहेर थोडं पुढे गेलं की चौदा स्तूपांचा एक गट आहे, काही कातळाच्या आत आणि काही बाहेर, त्यातल्या काहींवर तिथल्या थेर लोकांची म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची नावं कोरलेली आहेत. म्हणजे आपल्या गुरूंची आठवण दगडात ठेवली, पण बुद्धाचा चेहरा नाही काढला. बेडशाला, जुन्नरच्या जुन्या लेण्यांत तेच.

सांचीला तर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत तरी बुद्ध दिसत नाही. बोधिवृक्षाखाली रिकामं आसन, दगडावर पावलं, धम्मचक्र. घर सोडून जातानाचा प्रसंग आहे तिथे घोडा चाललाय, वर छत्र धरलंय, आणि घोड्यावर कुणीच बसलेलं नाही! मी पहिल्यांदा तो तोरणाचा भाग बघितला तेव्हा कितीतरी वेळ तिथून हललो नव्हतो. असं का केलं यावर विद्वानांत अजून वाद आहे, काही म्हणतात बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवायचंच नाही असा संकेत होता, काही म्हणतात की यातली बरीच दृश्यं म्हणजे बुद्ध गेल्यानंतर लोक त्या त्या ठिकाणी जाऊन वंदन करायचे त्याची आहेत. मला दुसरं मत जास्त पटतं पण सगळ्या दृश्यांना ते लागू पडत नाही हेही खरं.

मूर्ती आली ती साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कुषाणांच्या काळात, दोन ठिकाणी. गांधारात, म्हणजे आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या बाजूला, करड्या दगडातला बुद्ध, कुरळे लाटांसारखे केस, ग्रीक-रोमन पद्धतीच्या चुण्यांचं वस्त्र, कधी कधी मिशासुद्धा. आणि त्याच सुमाराला मथुरेत लाल ठिपक्यांच्या वालुकाश्मातला, भरदार छाती, उजवा खांदा उघडा, आणि डोळे टक्क उघडे, चेहऱ्यावर हसू. तो अर्धे मिटलेल्या डोळ्यांचा शांत बुद्ध जो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलाय तो पुढचा, गुप्तकाळातला, सारनाथची पाचव्या शतकातली धम्मचक्र प्रवर्तनाची मूर्ती बघा म्हणजे कळेल. त्यामुळे तुमच्या भावाचं उघड्या डोळ्यांचं पोस्टर कुणी 'हे काय नवीन' म्हणालं तर त्याला मथुरेचं संग्रहालय दाखवा.

भाजे झालं की रस्ता ओलांडून कार्ल्याला जा. तिथं चैत्यात स्तूपाच्या वर लाकडी छत्र अजून टिकून आहे, छताच्या लाकडी कमानी पण मूळच्या आहेत. पण खरी गंमत दर्शनी भिंतीवर आहे. दानशूर जोडप्यांची जुनी शिल्पं आहेत ना, त्यांच्या मधल्या जागेत चार-पाचशे वर्षांनी लोकांनी बुद्धाच्या मूर्ती कोरल्या, त्यासाठी आधीची वेदिकेची, म्हणजे कठड्याची, नक्षी तासून काढली. जवळ जाऊन बघितलं तर कुठे जुनं संपतं आणि कुठे नवीन घुसलंय ते स्पष्ट दिसतं. खांबांवरचे लेख वाचले तर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक वगैरे परदेशी वंशाच्या लोकांनी, खांब दान दिलेत. म्हणजे आपल्या मावळात दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी वंशाचे लोक बौद्ध होते आणि दान देत होते, आणि एकाच भिंतीवर दोन काळांचा धम्म आहे. 'एकच खरा' म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला त्या भिंतीसमोर उभं करा.

पाली_शिकतेय

वरचं खूप छान लिहिलंय. मी पुढचं थोडं सांगते, पाली आणि बौद्ध अध्ययन शिकतेय म्हणून हे रोजचं आहे माझं.

विश्रांतवाडीकर दादा, तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट गृहीत धरलीये की हे सगळे चेहरे एकाच माणसाचे आहेत. तसं नाहीये. शोकेसमधला हसरा जाड्या गौतम बुद्ध नाहीच. तो बुदाई, दहाव्या शतकातला चीनमधला एक भटका भिक्खू, खांद्यावर कापडी पिशवी घेऊन फिरायचा, पोरांना खाऊ वाटायचा, आणि लोक त्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचं रूप मानू लागले. त्याचं पोट चोळलं की पैसा येतो हे नंतरचं. तसंच जपानमधला कामाकुराचा तो प्रसिद्ध उघड्यावरचा ब्राँझचा बुद्ध, तेराव्या शतकातला, तो अमिताभ आहे. जपानी त्याला अमिदा म्हणतात, त्याचं नाव मनापासून घेतलं की तो आपल्या सुखावती नावाच्या शुद्ध भूमीत जन्म देतो अशी श्रद्धा. आणि नाराच्या तोदाइजी मंदिरातला प्रचंड बुद्ध तो तिसराच, वैरोचन.

त्या नाराच्या मूर्तीची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतेच. ७५२ साली तिचा डोळे उघडण्याचा विधी झाला, म्हणजे मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रंगवायच्या आणि मग ती जिवंत मानायची. तो कुंचला हातात धरला होता बोधिसेन नावाच्या भारतातून गेलेल्या भिक्खूनं! कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि खाली जमलेल्या लोकांनी त्या दोऱ्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात. श्रीलंकेत असाच विधी आहे पण तिथे कारागीर मूर्तीकडे पाठ करून आरशात बघून डोळे रंगवतो, पहिली नजर थेट अंगावर घ्यायची नाही म्हणून. आता ही मूर्ती 'जिवंत' करणं बुद्धाच्या मूळ उपदेशात बसतं का? मला नाही वाटत. पण त्या लोकांना कमी बौद्ध म्हणायची माझी हिंमत होणार नाही.

आणि अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांनी बघितलाय, निदान शाळेच्या सहलीत. तो बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचा, अवलोकितेश्वर. तोच चीनमध्ये जाऊन हळूहळू स्त्री झाला, ग्वानयिन, हातात पाण्याचा कलश घेतलेली, बाळंतपणापासून समुद्रातल्या वादळापर्यंत सगळ्यात लोक तिलाच हाक मारतात. जपानमध्ये कान्नोन. तिबेटी लोक दलाई लामांना त्याचंच रूप मानतात.

८ एप्रिलचं म्हणाल तर पूर्व आशियात बुद्धजन्म चांद्र पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी मानतात. जपाननं १८७३ पासून इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि तारीख तशीच ठेवली, झाला ८ एप्रिल. चीन-कोरियात अजून चांद्र तिथीच चालते. भिक्खूंच्या लग्नाचं, शिनरान नावाच्या आचार्यांनी तेराव्या शतकातच उघड संसार केला होता आणि त्यांच्या पंथात ते चालत आलं, बाकी पंथांना मात्र १८७२ मध्ये मेइजी सरकारनं मुभा दिली. लग्न करा, मांस खा, केस वाढवा, सरकार त्यात पडणार नाही असा हुकूमच काढला.

आता मटण. हा टोमणा मी पण कॉलेजपासून ऐकतेय त्यामुळे नीट लिहिते. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, मांस पूर्ण वर्ज्य नाही. तुमच्यासाठी मारलेलं तुम्ही पाहिलं नसेल, ऐकलं नसेल आणि तशी शंका नसेल तर भिक्षापात्रात पडलेलं मांस चालतं. देवदत्त या संघातल्याच भिक्खूनं बुद्धाकडे मागणी केली होती की भिक्खूंना मासे-मांस कायमचं बंद करा, बुद्धांनी ती नाकारली, ज्याला शाकाहारी राहायचंय त्यानं राहावं म्हणाले. हे त्रिपिटकात आहे. चीनमध्ये भिक्खू शाकाहारी झाले ते महायान सूत्रांमुळे आणि सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटानं जोर लावला त्यामुळे. तिबेटमध्ये त्या उंचीवर भाजीपाला उगवायची मारामार, तिथे लामासुद्धा मांस खात आले. त्यामुळे तुमच्या टीममधल्या मुलाला म्हणावं, श्रीलंकेच्या मित्राला विचार रात्री घरी काय शिजतं ते.

यांगूनला_होतो

कंपनीनं काही वर्षं बर्मात यांगूनला, म्हणजे जुन्या रंगूनला, ठेवलं होतं म्हणून तिथलं डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

श्वेदागोन पॅगोड्याला प्रत्येक वाराचा कोपरा असतो. तुमचा जन्म ज्या वाराचा त्या कोपऱ्यात जायचं, तिथल्या बुद्धमूर्तीवर छोट्या वाटीनं पाणी घालायचं. कोपरे आठ, कारण बुधवार सकाळ आणि बुधवार दुपारनंतर असे दोन वेगळे धरतात. ऑफिसातल्या पोरी लंच टाइमला येऊन पाणी घालून जायच्या. मंडालेला महामुनी बुद्धाच्या अंगावर लोक पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचा वर्ख चिकटवतायत, सोन्याचा थर इतका जाड झालाय की शरीर गाठीगाठींचं, ओबडधोबड दिसतं, आणि चेहरा तेवढा लख्ख, कारण रोज पहाटे तो धुतात आणि पुसतात. पण वर्ख लावायला बायकांना वर जाता येत नाही, त्या खाली बसून टीव्हीवर बघतात. मला हे तेव्हाही खटकलं आणि आताही खटकतं, तिथल्या मित्रांना मी तोंडावर बोललोय.

पोरं सात-आठ वर्षांची झाली की काही दिवस भिक्खू करतात, आधी राजकुमार सिद्धार्थासारखं नटवून घोड्यावरून मिरवणूक, मग मुंडन. आपल्याकडची श्रामणेर (तात्पुरत्या दीक्षेची) शिबिरं त्याच धर्तीची, फक्त आपल्याकडे मोठी माणसंही बसतात.

कारंज्याबद्दल. आईंचं बरोबर आहे. नुसतं डोकं ही काही बौद्धांनी घडवलेली मूर्तीची पद्धत नाही. जावातल्या बोरोबुदूरला ५०४ बुद्धमूर्ती होत्या, त्यातल्या तीनशेहून जास्त मोडलेल्या आहेत, बहुतेकांना डोकंच नाही. थायलंडमधल्या अयुथ्थयाला गेलात तर ओळीनं बिनडोक्याचे बुद्ध बसलेले दिसतात. अख्खी मूर्ती नेता येत नाही म्हणून चोरांनी आणि संग्राहकांनी डोकी तोडली, ती युरोप-अमेरिकेत दिवाणखान्यात गेली, आणि तिथून ही फॅशन आपल्या नर्सरीत आणि स्पामध्ये आली. थायलंडमध्ये बुद्ध सजावटीची वस्तू नाही असे मोठे बोर्डच लावलेत, आणि २०१४ मध्ये श्रीलंकेनं दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश बाईला परत पाठवलं होतं. ती बाई स्वतः बुद्धाला मानणारी होती, त्यामुळे ते मला जास्त झालं असं वाटतं, पण त्यांच्या भावना किती तीव्र आहेत ते कळतं.

मुक्तछंद_कोथरूड

प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नका. मी विपश्यनेला जाऊन आलोय, मला बुद्ध तिथे भेटला असं वाटतं. पण आपल्याकडच्या विहारांत गेलं की ध्यान कमी आणि भाषणं जास्त. शिवाय आमच्याकडे लहानपणापासून दशावतारात नववा बुद्धच शिकवलाय, मग वेगळं का धरायचं?

रमाईची_नात

मुक्तछंद दादा, राग नाही, पण उत्तर मोठं होणार.

आधी दुसरं संपवते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यातली पाचवीच ती आहे, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, हा खोटा प्रचार आहे. ज्या माणसानं वेदांचं प्रामाण्य आणि जन्मावरून श्रेष्ठ-कनिष्ठ नाकारलं त्याला त्याच यादीत नवव्या नंबरला बसवायचं, आणि ज्यांना देवळात पाय ठेवू दिला नाही त्यांना म्हणायचं की तुमचा बुद्ध आमचाच आहे. आम्हाला हे नाही चालत.

आता ध्यान. तुम्ही ज्या विपश्यनेला गेलात ती गोयंका गुरुजींनी १९६९ मध्ये बर्मातून इथे आणली, इगतपुरीचं केंद्र त्यानंतरचं. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन, सरकारी अधिकारी होते. आणि बर्मातसुद्धा साध्या संसारी माणसांनी मोठ्या संख्येनं ध्यानाला बसायचं ही चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-विसाव्याच्या सुरुवातीला उभी राहिली, लेडी सयाडॉ या बर्मी भिक्खू वगैरेंच्या काळात. त्याआधी बहुतेक बौद्ध देशांत उपासक काय करायचा? दान, पंचशील, वंदना, उपोसथ म्हणजे पौर्णिमा-अमावास्येचं व्रत. आमची आई हेच करते. पांढरी साडी, मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं, त्रिसरण-पंचशील पालीतून, पाठ आहे तिला सगळं. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने आमच्या येरवड्याच्या वस्तीत रोज संध्याकाळी बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, एक बाई वाचते, बाकीच्या ऐकतात, मधेच थांबवून प्रश्न विचारतात, भांडतात सुद्धा. दुःखाचं कारण फक्त तृष्णा की दुसऱ्यानं केलेला अन्याय पण, यावर मागच्या वर्षी दोन दिवस वाद चालला होता. याला भाषण म्हणा हवं तर, मी याला धम्म म्हणते. आणि ध्यान करायचंच असेल तर दापोडीच्या महाविहारात या, तिथे मैत्री भावना, आनापान (श्वासावरचं ध्यान) सगळं शिकवतात.

आणि 'राजकारण' म्हणणाऱ्यासाठी. श्रीलंकेत धम्म रुजला तो देवानंपिय तिस्स राजाच्या आश्रयानं, तिबेटमध्ये राजांनी आणला, जपानमध्ये राजपुत्र शोतोकूनं उचलून धरला, आणि आपल्या अशोकाबद्दल तर बोलायलाच नको. बहुतेक ठिकाणी आधी दरबार, मग लोक. आमच्याकडे एका दिवसात लाखो माणसं, त्यातली बहुतेक शेतमजूर, गिरणी कामगार, कुणाच्या हुकुमानं नाही, स्वतःच्या पायानं नागपूरला आली. बाबासाहेबांना दीक्षा दिली ती कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थविरांनी, ते मूळचे बर्माचे. मग सांगा, परंपरेशी नातं कुठे तुटलं?

विश्रांतवाडीकर दादा, तुमच्या हॉलमधल्या बर्मी मूर्तीचं तर पुण्याशी थेट नातं आहे. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, आणि २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली ती रंगूनहून आणलेली. नागपूरच्या जवळपास दोन वर्षं आधी! आमच्या पुण्यातल्या कितीतरी घरांत बर्मी चेहऱ्याचाच बुद्ध असतो. दरवर्षी २५ डिसेंबरला तिथे गर्दी असते, तुमच्या श्रीलंकेच्या मित्राला घेऊन या. विहारावर पंचशील ध्वज असेल, तो १८८५ ला कोलंबोत पहिल्यांदा फडकला होता, त्याला परकं वाटणार नाही.

उघड्या डोळ्यांच्या बुद्धाबद्दल वर लेणीवेडा यांनी मथुरेचं सांगितलं ते मला माहीत नव्हतं, फार आनंद झाला. आमच्याकडे ते चित्र लावतात कारण आम्हाला जगाकडे बघणारा, प्रश्न विचारणारा, चालत लोकांकडे जाणारा बुद्ध हवाय. पंचेचाळीस वर्षं पायी फिरला तो माणूस.

विश्रांतवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं, तिनं दोनदा वाचायला लावलं. कारंज्याचं काय करू, टाकून देणं पण बरं वाटत नाही. आणि पाली शिकायचंय, नोकरी सांभाळून जमेल का?

पाली_शिकतेय

कारंजं मूर्ती नाहीच असं धरून देणाऱ्यांना सरळ सांगा की आमच्यात हे ठेवत नाहीत, बहुतेक लोकांना माहीतच नसतं, सांगितलं की समजून घेतात. पालीसाठी पुणे विद्यापीठाच्या पाली विभागात चौकशी करा, सुरुवातीचे कोर्स आहेत, आमच्या वर्गात बँकेतले, शिक्षक, निवृत्त लोक पण आहेत. पुण्यात पालीची परंपरा जुनी आहे. धर्मानंद कोसंबी तरुणपणी गोव्याहून घर सोडून निघाले, श्रीलंकेत जाऊन भिक्खू झाले, बर्माला गेले, आणि पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवायला लागले. सुरुवातीला त्यांचंच मराठीतलं 'भगवान बुद्ध' वाचा, सोपं आहे आणि चमत्कार बाजूला ठेवून माणूस दाखवलाय.

लेणीवेडा_तळेगाव

आईंना घेऊन लेण्यांना जाणार असाल तर भाजे आधी करा, पायऱ्या आहेत पण जमेल हळूहळू. कार्ल्याला रविवार टाळा, एकवीरेची गर्दी असते, चैत्रात यात्रेच्या दिवसांत तर नकोच. सकाळी लवकर निघा, आणि बॅटरी सोबत ठेवा, कार्ल्याचे खांबांवरचे लेख बाजूनं उजेड टाकल्याशिवाय दिसत नाहीत.